घाव सोसणारी फळी

हत्यारपेटी घरात आली, की माणूस स्वतःला थोडाफार सुतार समजू लागतो. पटाशी, रंधा, कानस, पक्कड या मंडळींना आपापले खण मिळतात, आणि मग एक साधाच प्रश्न पुढे येतो: काम करायचे कशावर?

पेटीचा माथा समोरच असतो. सपाट, ऐसपैस, हाताशी. पण तो पत्र्याचा आणि नवा रंग दिलेला. हातोडी आपटली तर पोचा येईल, कानस घसरली तर रंग उडेल. म्हणून आपण त्यावर आधी वर्तमानपत्र पसरतो, मग जुने पोते, आणि शेवटी काम घेऊन जमिनीवर बसतो. पेटी शाबूत राहते. काम मात्र बेघर होते.

उपाय स्वस्त आणि घरचा आहे. १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड पेटीच्या माथ्यापेक्षा सर्व बाजूंनी दोन बोटे मोठे कापून घ्यावे. प्लायवूडमधले पापुद्रे विषम संख्येने असतात आणि प्रत्येकाचे तंतू शेजारच्याला काटकोनात आडवे जातात. त्यामुळे ते हवापाण्याने साध्या फळीइतके वाकत नाही. खालच्या अंगाला, पेटीच्या कडांना बाहेरून बिलगतील अशा चार पट्ट्या बसवाव्या. समोरची पट्टी मात्र वरच्या खणाला आडवी येऊ नये इतकी अरुंद असावी. फळी सरकत नाही, पेटीला एकही भोक पाडावे लागत नाही, आणि झाकण वर उघडणारे असेल तर फळी उचलून बाजूला ठेवता येते. मागच्या कडेला अर्धा इंच उंचीची पट्टी ठोकली, की खिळे गडगडून पेटीमागे जात नाहीत.

या सगळ्यावर हार्डबोर्डचा पातळ तक्ता घालावा, शक्यतो दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असलेला. तो सरसाने चिकटवू नये. कोपऱ्यांत चार छोटे स्क्रू पुरेत. एक बाजू खराब झाली की उलटावा, दुसरीही गेली की नवा घालावा. हा हार्डबोर्डही मोठा मासलेवाईक पदार्थ आहे. १९२४ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, लॉरेल या गावी, विल्यम मेसन यांनी लाकूड-गिरणीतल्या टाकाऊ ढलप्यांपासून तो तयार केला. वाफेच्या जोराने ढलप्यांचे तंतू सुटे करायचे आणि उष्णता देऊन दाबायचे. लाकडातले लिग्निनच त्यांना पुन्हा बांधून ठेवते. फेकून द्यायचे ते पुन्हा कामाला लागले, ते असे.

फळी तयार झाली, की पहिल्यांदा काय घडते? हात मोकळा होतो. किमती वस्तूवर काम करताना अर्धे लक्ष कामाकडे आणि अर्धे वस्तूकडे असते. इथे सगळे लक्ष कामाकडे. घरातली दहा वर्षांची मुलगी ‘मला एक खिळा ठोकू द्या ना’ म्हणाली, तर तिला ‘नको, खराब होईल’ हे नेहमीचे उत्तर द्यावे लागत नाही. पहिला खिळा वाकडा जाणारच. तो वाकडा जाऊ देणारी जागा घरात असली, तरच दुसरा सरळ जाण्याची आशा.

कोणी म्हणेल, ही तर बेफिकिरीची शिकवण झाली. मला तसे वाटत नाही. छिद्र आरपार पाडताना जाणता सुतार खाली एक टाकाऊ तुकडा ठेवतो, म्हणजे चांगल्या लाकडाच्या कपच्या उडत नाहीत. इजा होणार हे त्याने गृहीत धरलेले असते. ती कोणाला व्हावी, एवढे तो आधी ठरवतो. याला बेफिकिरी कसे म्हणावे? आपल्या स्वयंपाकघरातला पाटा झिजून गुळगुळीत झाला, की टाकी लावून तो पुन्हा खरखरीत करून घेत. त्याची झिलई गेली म्हणून कोणी हळहळले नाही.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. ही फळी जन्मभर घाव सोसते, पण देवपण तिच्या वाट्याला येत नाही. खंडेनवमीला झेंडूचे फूल मिळते ते घाव घालणाऱ्या हत्यारांना. लाकडाच्या बाबतीत यात अन्याय नाही. फळीला दुखत नाही, आणि तक्ता बदलता येतो.

पण घरोघरी एखादे माणूसही या फळीच्या जागी बसवलेले असते. कधी ती आई असते, कधी अबोल थोरला भाऊ, कधी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई. बाहेरचा राग, उशीर झाल्याची चिडचिड, हिशेब न जुळल्याचा संताप, सारे तिथे आपटले जाते. कारण तिथून उलट आवाज येत नाही. या माणसाला उलटून घ्यायची दुसरी बाजू नसते. चार स्क्रू काढून त्याच्या जागी नवे माणूस बसवता येत नाही.

आणि बहुतेक वेळा हे घडते ते एखाद्या वस्तूपायी! टेबलावर ओरखडा उठला म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा बसतो. कप फुटला म्हणून बाईंना चारचौघांत बोल लावले जातात. टेबलाचा ओरखडा पॉलिशने दोन दिवसांत बुजतो. मुलाच्या मनावरचा बुजला की नाही, ते कोणी पाहत नाही. लाकडाने सोसायचे ते आपण माणसाला सोसायला लावतो आणि लाकूड जपल्याचा अभिमान बाळगतो. ती स्वस्त फळी हा उलटा व्यवहार सुलटा करते. माणसाला बोल लागू नये, म्हणून ती स्वतः पुढे होते. तिची खरी किंमत मी यात मानतो. वाचलेल्या रुपयांचा हिशेब दुय्यम.

दिवाळीसाठी घर झाडून, पुसून, रंगवून झाले असेल. भिंतीला हात लावू नका, नव्या चादरीवर बसू नका, असे फर्मानही निघाले असेल. सणासुदीला ते शोभतेही. मात्र त्या चकचकीत घरात दोन-अडीच हातांची एक जागा अशी असू द्यावी, की जिथे ओरखडा उठला तर कोणी कोणावर ओरडणार नाही.