हॅलिफॅक्सचे हॅल्टन

दुसरे महायुद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये हॅलिफॅक्स या बॉम्बफेकी विमानापासून प्रवासी विमाने तयार करण्यात आली. १९४६ साली त्यांना ‘हॅल्टन’ हे नाव मिळाले. बारा विमाने ब्रिटिश सरकारी विमान कंपनीकडे गेली आणि आणखी एक बडोद्याच्या गायकवाड महाराजांसाठी सजवले गेले. मराठी राजघराण्याशी जोडलेली ही नोंद आम्हांला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात दोन्ही बाजूंनी खोटे लिहिण्याची सोय आहे.

‘महाराजांच्या विमानाने जर्मन शहरे जाळली होती,’ असे लिहिले की मजकूर रंगतो. हॅलिफॅक्सनी जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गवर बॉम्ब टाकले हे खरेच. पण हॅल्टन ज्यापासून झाले ते हॅलिफॅक्सचे आठवे रूप वाहतुकीसाठीच बांधलेले होते. त्यात बंदुका नव्हत्या. पोटाखाली सामानाची सुटी पेटी बसे. मग युद्धाशी त्याचा काहीच संबंध नव्हता, असे लिहावे काय? तेही खोटे. पंख, सांगाडा, चार इंजिने, सारे बॉम्बफेक्या घराण्यातलेच. एवढ्या अवाढव्य विमानात प्रवासी मावत दहा!

गुन्हा घराण्याचा की हाताचा? नातलगाच्या कृत्याचा जाब ज्यांना विचारला जातो, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत बसून विमानांची उठाठेव कशाला, असे कुणी म्हणेल. पण इथे नोंदीचा प्रश्न रोजचा आहे. हॅल्टन तयार झाले तेव्हा हा सारा मुलूख चांदा जिल्हा होता. चंद्रपूर हे नाव १९६४ साली आले; गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. १९४६ साली अहेरीत जन्मलेल्याच्या दाखल्यावर ‘चांदा’ हेच बरोबर. सोयीसाठी कुणी आजचे नाव घातले तर कागद खोटा होतो. आणि ‘चांदा’ वाचून कारकून अडला तर माणूस अडकतो. ज्यांचे नाव एका कागदावर ‘शेख’ आणि दुसऱ्यावर ‘शेक’ आहे, त्यांनी एका अक्षराची किंमत मोजलेली असते. म्हणून दोन्ही नावे लिहावीत, सालासकट.

आपल्याला जवळचे विमानतळ नागपूरचे. १९४९ साली तिथे रात्रीच्या टपालाची डाकोटा विमाने चारी दिशांनी एकत्र येऊ लागली. लष्करातून आलेले प्रत्येक विमान बॉम्बफेके नसते. डाकोटाचे मूळ रूप १९३५ साली उडाले ते प्रवाशांसाठी. युद्धात त्याने सैनिक आणि रसद वाहिली, आणि युद्धानंतर पुन्हा प्रवासी.