शब्द कोणाचा?

फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. धनाजी नाना चौधरी त्यासाठी झटले, नंदलाल बोसांनी टिळकनगर सजवलं. तो अभिमान आमच्याकडे अजून बोलण्यात येतो, आणि त्याच्या मागोमाग एक समजूतही येते: गावाचं काम म्हणजे सेवा, तिचे पैसे काय मागायचे?

मला ही समजूत दिवसेंदिवस खटकते. अधिवेशनाचा मांडव उतरला की स्वयंसेवक आपापल्या शेताकडे गेले. बचतगटाचा मांडव तसा उतरत नाही. नियमित बैठक, बचत, आपसातलं कर्ज, परतफेड, लेखे. ही पंचसूत्री पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात, अंगवळणी पडायला वर्षं जातात.

आमच्या भागात अशी एक कंत्राटी ताई यायची. खातं कोणतं, ते सोडा. बायका आधी दाराआडूनच बोलायच्या. पैसे गोळा करून पसार झालेले एजंट त्यांनी पाहिले होते. ताई म्हणाली, "बुडाले तर माझ्या घरी या." त्या एका वाक्यावर दहा जणींनी महिना शंभर रुपये काढले. नवरा गेलेल्या एकीनं गटाचं कर्ज काढून शेळ्या घेतल्या.

मग पत्र आलं: पुन्हा नेमणूक नाही. रजिस्टरं, याद्या, शिक्के ताईनं ऑफिसात जमा केले. ते वाक्य कुठं जमा करणार?

सप्टेंबर २०२० मध्ये 'उमेद' अभियानात मुदत संपलेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना पुनर्नियुक्ती न देण्याचं ठरलं. तेव्हा करोनाचे दिवस असूनही गटांच्या बायका जिल्ह्याजिल्ह्यांत मोर्च्यात उतरल्या. लोकांना त्यात माया दिसली. मला रोकडा हिशेब दिसतो: ज्या माणसाकडे बघून पैसा टाकला, तोच माणूस निघाला होता.

कोणी म्हणेल, ताईविना गट चालत नसेल तर ताईनं इतके दिवस केलं काय? कार्यकर्त्यानं स्वतःची गरज संपवायची असते. खरं आहे. पण ती संपली हे ठरवायचं कोणी? शेळ्यांचे हप्ते फेडणाऱ्या बाईनं, की ३१ मार्चनं?

ताई आता केळी भरायच्या कामाला जाते. "वही कोन लिहीन आता, व माय?" असा फोन आला की रविवारी येते, रिक्षाचे पैसे पदरचे. याला म्हणतात सेवा, असं कौतुक होतं. मला ते कौतुक करवत नाही. शब्द तिच्या तोंडून ज्यांनी वदवला त्यांचं देणं ती रोजंदारीतून फेडते आहे, आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

मागच्या बैठकीत बायकांनीच तिच्या रिक्षाभाड्याचा ठराव केला. वहीत तो तिलाच लिहावा लागला. लिहून झाल्यावर तिनं पैसे मोजून घेतले.