अळीला सवय लागत नाही

२०१७ च्या हंगामात यवतमाळच्या शिवाराशिवारात डोमकळ्या दिसत होत्या. कपाशीचं फूल उमलायचं सोडून गुलाबकळीसारखं मिटून राहतं, ती डोमकळी. पाकळ्या सोडवल्या की आत गुलाबी बोंडअळी. पुढे बोंडंही तशीच: वरून हिरवीगार, फोडली की सरकी पोखरलेली आणि रुईची कवडी.

तेव्हा पारावर एकच बोललं जायचं, "अळीला बीटीची सवय झाली." हे वाक्य मला आजही टोचतं. सवय एकाही अळीला झाली नव्हती. बीटी कपाशीतलं प्रथिन अळीच्या आतड्याच्या अस्तराला चिकटतं आणि ती मरते. तशा असंख्य मेल्या. पण क्वचित एखादी जन्मतःच अशी असते, की तिच्या आतड्याला ते नीट चिकटत नाही. ती जगली, तिचा पतंग झाला, जोडीही उरलेल्यांतूनच मिळाली. अळी बदलली नाही, अळ्यांची जमात बदलली. १८५९ साली डार्विनने मांडलेली नैसर्गिक निवड ती हीच. बीटी कपाशी देशात आली २००२ साली, दोन जनुकांची २००६ साली. पहिलीला न जुमानणारी बोंडअळी गुजरातेत आढळल्याचं २०१० मध्ये जाहीर झालं आणि २०१७ मध्ये दुसरीही आपल्याकडे हरली. उत्क्रांतीचा पुरावा बघायला जीवाश्म कशाला हवेत?

'सवय' म्हटलं की उपाय एकच सुचतो, आणखी जहाल औषध. त्याच हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. 'निवड' म्हटलं की प्रश्नच बदलतो: वाचलेल्या पतंगाची जोडी कुणाशी जमते? बियाण्याच्या पाकिटासोबत मिळणारी १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी त्यासाठीच होती. तिच्या कडेच्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग वाचलेल्यांशी जुळावेत आणि होणारी पिल्लं बीटीवर मरावीत, असा तो हिशेब. बहुतेकांनी ती पुडी पेरलीच नाही. चार एकरवाल्याने अळीसाठी तासं का सोडावीत, हे त्याला कुणी धड समजावलं नाही. दोष मी त्याला देणार नाही.

आणि ही निवड थांबत नाही: फरदडीच्या, म्हणजे हंगामापुढे लांबवलेल्या पिकाच्या, चार पैशांसाठी पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राहते. तिच्या वाळक्या बोंडांत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून, अळी निजलेली असते. बीटी खाऊन जगलेली.