शांतताभंग कोणाचा?

शांततेनें जमून आपलें गाऱ्हाणें चारचौघांपुढें मांडण्याचा हक्क मनुष्यास असावा कीं नसावा, हा वाद सुशिक्षितांत आतां क्वचितच ऐकूं येतो. हक्क बहुतेकांस मान्य असतो. खरी अडचण त्याच्या पुढची आहे. माणसें निःशस्त्र जमलीं, त्यांनीं कोणावर हात उगारला नाहीं. पण त्यांचें जमणेंच दुसऱ्यांस असह्य झालें व त्या दुसऱ्यांनीं धोंडे उचलले, तर शांततेचा भंग कोणीं केला? उत्तर सोपें वाटतें. परंतु व्यवहारांत तें अनेकदां उलट दिलें जातें, आणि देणारे बहुधा सज्जन असतात.

इंग्लंडांत वेस्टन-सुपर-मेअर या समुद्रकांठच्या गांवीं १८८२ सालीं हा प्रश्न उपस्थित झाला. मुक्तिफौजेचे लोक रस्त्यांतून मिरवणूक काढीत. त्यांना विरोध करण्यासाठीं ‘स्केलेटन आर्मी’, म्हणजे सांपळ्यांची फौज, असें नांव घेतलेली टोळी दंगा करी. मॅजिस्ट्रेटांनीं बंदी घातली ती मिरवणुकीवर, आणि ती मोडणाऱ्या कप्तान बीटी यांजकडून शांतता राखण्याची हमी मागितली. वरच्या न्यायालयानें हा हुकूम फिरविला. आपल्या कायदेशीर कृत्यामुळें दुसरा बेकायदा वागेल हें ठाऊक असलें, तरी तेवढ्यानें तें कृत्य करणारा गुन्हेगार ठरत नाहीं, असा त्या निकालाचा आशय. यांत फारसें गहन तत्त्वज्ञान नाहीं. घरांतील एखाद्या शहाण्या आजीनेंही पोरांच्या भांडणाचा निवाडा असाच केला असता. तरीही १९३५ सालीं त्याच देशांत श्रीमती डंकन यांची शिक्षा कायम झाली. बेकारांच्या शिक्षणकेंद्राबाहेर सभा घेऊं नये हा पोलिसाचा हुकूम त्यांनीं मानला नव्हता, आणि पोलिसास शांतताभंगाची धास्ती वाटली, एवढें कारण न्यायालयास पुरेसें वाटलें.

आपल्याकडे या प्रश्नाची याहून कडक कसोटी लागली, ती महाडास. मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं श्री. सी. के. बोले यांचा ठराव मान्य करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले केले; पुढच्याच वर्षीं महाड नगरपालिकेनेंही चवदार तळ्याविषयीं तसाच ठराव केला. कागदावर हक्क पुरा होता, पाणी मात्र त्यांस मिळत नव्हतें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर परिषदेच्या मंडळींसह तळ्यावर चालत गेले व ओंजळीनें पाणी प्याले. निदर्शन म्हणावयाचें तें एवढेंच! मग हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार अशी हूल उठली, आणि लाठ्या घेतलेल्या जमावानें मंडपांत जेवणाऱ्यांवर व गांवांत पांगलेल्यांवर हल्ला केला. मार खाणाऱ्यांत पलटणींत नोकरी केलेले लोक होते. उलट मारणें त्यांस कठीण नव्हतें. आंबेडकरांनीं त्यांस आवरलें.

पुढें काय झालें? तळें शेण व गोमूत्र घालून ‘शुद्ध’ करण्यांत आलें, आणि ऑगस्टांत नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला. दंगा एकांनीं केला. हक्क गेला दुसऱ्यांचा. अशा निर्णयाला आपण बेधडक ‘व्यवहारीपणा’ म्हणतों.

पोलिस अंमलदाराच्या जागीं क्षणभर उभें राहिलें पाहिजे, हें मला मान्य आहे. हाताशीं दहा शिपाई, समोर हजाराचा जमाव, रस्त्यांत बायकामुलें; अशा वेळीं ‘तुम्ही तूर्त घरीं जा’ असें तो शांत बाजूसच सांगणार, कारण ऐकण्याचा संभव तीच बाजू अधिक. एका संध्याकाळपुरतें तें क्षम्यही ठरेल. पण आजचा आदेश उद्यांचा नियम झाला, तर कोणतीही सभा बंद पाडण्यास दहावीस धोंडे पुरतील. आपल्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें नागरिकांस शांततेनें व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे, व सार्वजनिक सुव्यवस्थेसाठीं त्यावर वाजवी निर्बंधही ठेवले आहेत. ती सुव्यवस्था कोण मोडीत आहे, हें न विचारतां घातलेला निर्बंध वाजवी कसा म्हणावा?

यावर एक आक्षेप उरतो, व तो आपल्या घरांतून निघतो. २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडासच दुसऱ्या परिषदेंत मनुस्मृति जाळण्यांत आली. तें कृत्य शांततामय कसें, असें पुष्कळांनीं विचारलें असेल. ग्रंथाविषयीं आदर असणारा मनुष्य दुखावणारच. परंतु मन दुखावणें निराळें आणि डोकें फोडणें निराळें. पहिल्यास उत्तर देण्यास लेखणी आहे, व्यासपीठ आहे. आपल्या वर्गापाशीं तर तीं दोन्ही मुबलक होतीं. शांततामय म्हणजे कोणास न खुपणारें, असा अर्थ घेतला, तर गुळगुळीत अर्ज करण्यापलीकडे कोणासही कांहीं करतां येणार नाहीं.

त्याच परिषदेसाठीं हजारों लोक तळ्याचें पाणी घेण्याच्या तयारीनें आले होते. पण तळें खाजगी असल्याचा दावा लावून दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आणलेला होता. तो पाळावयाचा असें ठरलें. लोकांनीं तळ्याभोंवतीं मिरवणूक काढली आणि पाण्यास न शिवतां ते परतले. मुंबई उच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें अखेरचा निकाल दिला तो १७ मार्च १९३७ रोजीं, पहिली ओंजळ भरल्यास दहा वर्षें होण्याला तीन दिवस उरले असतां.