दोष आणि दायित्व

रानात मृत माकड आढळले की गावात दोन प्रकारचे विचार उमटतात. कोणी त्यास मारुतीचे रूप मानून भक्तिभावाने मूठमाती देऊ पाहतात. कोणी रोगाचे मूळ समजून साऱ्या वानरकुळाचाच द्वेष करू लागतात. परंतु वन्य प्राण्यांमुळे मनुष्यास रोग जडला, तर त्यात दोष कोणाचा, हा प्रश्न या दोहोंतही अनुत्तरितच राहतो.

१९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली आणि लगतच्या खेड्यांतील माणसे तापाने अंथरुणास खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्या रोगाचा विषाणू शोधून काढला. हाच माकडताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात प्रकटला. नाव माकडाचे असले तरी माणसास रोग देते ती बहुधा गोचीड. माकड मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी गळून पडतात आणि तेथील भूमी धोक्याची होते. माणसाकडून माणसास मात्र हा ताप लागत नाही. म्हणून रुग्णास वाळीत टाकणे हा निव्वळ अन्याय होय.

अपराध ठरविताना कायदा सामान्यतः हेतू अथवा ज्ञान पाहतो. माकडापाशी दोन्ही नाहीत. तेच पहिला बळी आणि आपल्या मरणाने गावास सावध करणारा पहिला साक्षीदार. ज्ञान आहे ते आपणांस. आणि जेथे ज्ञान, तेथे दायित्व.

हा ताप मुख्यतः डिसेंबर ते मे या काळात उद्भवतो. काजू वेचण्याचा हंगामही याच काळात येतो. झाडाखाली वाकून बोंडे वेचणारी मजूर स्त्री हा धोका अंगावर घेते. नफा बागायतदाराच्या पदरी पडतो. ती स्वखुशीने येते, असे कोणी म्हणेल. परंतु चुलीच्या चिंतेने दिलेली संमती मालकास दायित्वातून मुक्त करीत नाही. अंगभर वस्त्रे, गोचीड दूर ठेवणारे तेल आणि आजारपणातील मजुरी हा तिचा हक्क आहे. मालकाची दया नव्हे.

आणि भक्तांचे कर्तव्य? मृत माकडास स्पर्श न करता आरोग्य खात्यास व वनखात्यास तत्काळ कळविणे. त्यामुळे भक्तीस उणेपणा येत नाही. नमस्कार दुरूनही पोहोचतो. कळविण्यास झालेला विलंब मात्र एखाद्या गरिबाच्या जिवावर बेतू शकतो.