मसूर स्टेशनावरची मुले



माझी आई नव्वद दिवसांचा व्हिसा संपवून नागपूरला परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीने आजीच्या खोलीचे दार उघडून पाहिले आणि दारातच बसली. क्रेशला जाणार नाही म्हणाली. मी म्हणालो, "रडायचं नाही. आजी परत येणार आहे. चल, उशीर होतोय." बॉल्सब्रिजला हर्बर्ट पार्कमधून तिचा हात धरून भराभर चालताना जाणवले, हे वाक्य माझे नाही. माझ्या बाबांचे आहे.

बाबा बदलीच्या गावी नोकरी करत. शनिवारी रात्री येत, रविवारी आमच्या वह्या तपासत आणि रात्रीच्या गाडीने परत जात. मी दारात रडलो की हेच वाक्य. त्यांनी कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मात्र त्यांनी पीएफमधले पैसे काढले होते. तेही मला नंतर आईकडून कळले. मग प्रश्न पडतो: लहानपणी मिळालेली किंवा न मिळालेली माया आपण तशीच मुलांच्या हाती देतो का? आणि देत असू, तर त्यात आपली जबाबदारी किती?

या विषयाचा पाया जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने घातला. १९०७ साली सुखवस्तू घरात जन्मलेल्या बोल्बीला दाईने सांभाळले. तो चार वर्षांचा होण्याच्या सुमारास ती नोकरी सोडून गेली, आणि ते दुःख त्याच्या लक्षात राहिले. पुढे त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने वर्षभराच्या मुलांचे निरीक्षण केले. आई काही मिनिटे खोलीबाहेर जाई आणि परत येई. काही मुले रडत, आई आली की बिलगत, शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. काही मुले मात्र काहीच घडले नाही अशी तोंड फिरवून बसत. पुढच्या अभ्यासात दिसले की अशा शांत मुलांच्याही हृदयाचे ठोके वाढलेले असतात. 'रडायचं नाही' हे ती वर्षभरातच शिकलेली असतात.

आपल्यापैकी कोणी विचारेल, धम्म तर आसक्ती सोडायला सांगतो, मग हे बंध कशाला जपायचे? माझ्या मते आसक्ती वेगळी आणि आधार वेगळा. पार्कमध्ये पाहा. ज्या मुलाला मागे कोणी उभे असल्याची खात्री असते, ते एकदा वळून पाहते आणि हात सोडून पळते. खात्री नसलेले मूल पदर सोडत नाही. आधार मिळाला की पकड सैल होते. हा आधार जन्मदात्या आईचाच हवा असेही नाही. सिद्धार्थाची आई सातव्या दिवशी गेली. त्याला महापजापती गौतमीने वाढवले. भीमाबाई गेल्या तेव्हा बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे होते; त्यांना आत्या मीराबाईंनी सांभाळले.

पण बोल्बीच्या सिद्धांतात आपल्या घरांची एक गोष्ट सापडत नाही. ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आहे. १९०१ च्या सुमारास भीमराव आणि घरातली मुले साताऱ्याहून वडिलांना भेटायला कोरेगावला निघाली. नवे कपडे घालून मसूर स्टेशनावर उतरली आणि वाट पाहत राहिली. घ्यायला कोणी आले नाही. मुलांनी पाठवलेले पत्र शिपायाने रामजींना वेळेवर दिलेच नव्हते. चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरने जात कळताच पाठ फिरवली. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. अखेर एक जण तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर. जवळ जेवण होते, पण पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली.

त्या मुलांचा बाप माया करणारा होता. मुलाच्या पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा, त्याला अभ्यासाला पहाटे दोन वाजता उठवणारा. तरीही त्या रात्री त्याची माया पोहोचू शकली नाही, कारण मधला सगळा रस्ता जातीने अडवला होता. मूल फक्त आईबापांच्या हातात वाढत नाही, समाजाच्याही हातात वाढते.

म्हणून आपल्या बापांनी मुलांना रडू दिले नाही, असे आता वाटते. बाहेर डोळे पुसणारे कोणी नव्हते. ते चिलखत होते. पण चिलखत घालून मुलाला छातीशी धरले तर ते मुलाला टोचते. इथेही बाहेरचे जग नेहमी मऊ असते असे नाही. तरी घराच्या आत ते चिलखत उतरवायचे की नाही, हा निर्णय आता माझा आहे.

कारण बालपण हे नशीब नव्हे. मागच्या जन्मीच्या कर्माने हा जन्म ठरतो, हे बाबासाहेबांनी नाकारले. मग पहिल्या पाच वर्षांना तरी आपण तेवढा अधिकार का द्यावा? कारण ओळखले तर परिणाम बदलता येतो, ही प्रतीत्यसमुत्पादाची शिकवण. मेरी मेन या संशोधिकेने १९८० च्या दशकात पालकांना त्यांच्याच बालपणाविषयी विचारले, तेव्हा काहीसे असेच दिसले. बालपण कठीण गेलेले, पण ते न लपवता आणि न चिडता सलगपणे सांगू शकणारे पालक आपल्या मुलांना आधार देऊ शकत होते. याला आपण सम्यक स्मृतीचे काम म्हणू शकतो.

त्या संध्याकाळी मी मुलीबरोबर आजीच्या खोलीच्या दारात बसलो. ती रडली, मी 'गप्प' म्हटले नाही. थोड्या वेळाने ती आपणहून खेळायला गेली. रविवारी बाबांना फोन केला. "तुम्ही निघताना मी दारात रडायचो, आठवतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "गल्लीच्या टोकापर्यंत मी मागं वळून बघायचो नाही. बघितलं असतं तर निघालोच नसतो."

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.