उत्तम

पायवाटेनें चालतांना आपण वस्तुतः दुसऱ्यांच्या निर्णयांवर चालत असतों. कोठें वळावें, कोठें जपावें, हें कोणीतरी आधींच ठरवून ठेविलेलें असतें; आपण फक्त पाय उचलावयाचे. गेल्या हिवाळ्यांत कॅलिफोर्नियांतील मोहावी वाळवंटांत एक दिवस मीं हा आधार सोडला, आणि त्या दिवशीं माझ्या हातून घडलेल्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या अपराधाचा निवाडा मला अद्याप करतां आलेला नाहीं.

माझे दोन महाविद्यालयीन मित्र, एक डॉक्टर व एक इंजिनियर, त्या प्रांतांत स्थायिक झाले आहेत. त्यांनीं मला जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानांत नेलें. हा प्रदेश १९३६ सालीं संरक्षित झाला व १९९४ सालीं त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेथील क्वीन माउंटन हें शिखर साडेपांच हजार फुटांहून उंच आहे, आणि त्याच्या माथ्यापर्यंत आंखलेली वाट नाहीं. तरुणपणीं सह्याद्रींतील गड पायांखालीं घातलेल्या माणसास डोंगर आपणांस ठाऊक आहेत असें वाटत असतें. पण सह्याद्रीचा काळा पाषाण थराथरांनीं रचलेला. त्याच्या खांद्यावर गवत, गडावर कोरीव टाकें, टाक्यांत थंड पाणी. येथें दहा कोटी वर्षांहूनही पूर्वीं भूगर्भांत थिजलेला खडक वरचें आवरण झिजून उघडा पडला आहे, भेगांत मुरणाऱ्या पाण्यानें त्याचे कोपरे गोल झाले आहेत, आणि घराएवढाले धोंडे एकमेकांवर टेकून राहिले आहेत. पाणी मात्र थेंबभर नाहीं. दरमाणशीं दिवसाला निदान ४ लिटर पाणी बरोबर घ्यावें, असा तेथला दंडक. हिवाळा आहे, ओझें कशाला, म्हणून मीं दोनच घेतलें, आणि हें कोणास सांगितलें नाहीं.

धोंड्यांमधील मातीसुद्धां वाटेल तशी तुडवावयाची नाहीं. तिच्यावर सूक्ष्म जीवांचें काळसर कवच असतें. तें वाळू धरून ठेवतें, आणि एकदां मोडलें कीं भरून येण्यास कित्येक दशकें लागतात. म्हणून इंजिनियर आम्हांस ओढ्याच्या कोरड्या पात्रांतून आणि खडकांवरूनच नेत होता. परतीच्या खुणेसाठीं मधून मधून तो तीन-तीन दगडांची उतरंड रचीत होता.

दुपारीं खिंडींत पोहोंचलों. माथा दोनशें फूट राहिला असेल. माझ्या बाटलींत घोटभर पाणी होतें आणि डावा गुडघा थरथरत होता. डॉक्टरनें विचारलें, "कसा आहेस?" मी म्हणालों, "उत्तम." त्या एका शब्दावर त्यांनीं लांबचा वळसा सोडून उभी घळ धरली.

घळीच्या मध्यावर गुडघ्यानें दगा दिला. हाड मोडलें नाहीं; पण दोघांच्या आधारानें खिंडींत परत येण्यास दीड तास लागला. त्यांनीं मला आपलें पाणी पाजलें, आणि डॉक्टरचे ओठ सुकलेले मला दिसत होते. तो रागावला नाहीं. इतकेंच म्हणाला, "अरे, तूं 'उत्तम' म्हणालास, म्हणून ही घळ घेतली."

हें असत्य होतें काय? आपणांकडे स्वतःचें दुखणें झांकणें हा सद्गुणच समजतात. भूक नाहीं असें सांगून शेवटची भाकरी मुलांना वाढणाऱ्या आईस कोण खोटारडी म्हणेल? कांटनें १७९७ सालच्या आपल्या निबंधांत, मित्राचा शोध घेत आलेल्या खुन्यासही खोटें सांगूं नये, असें प्रतिपादिलें. वर्गांत हा भाग आला कीं विद्यार्थी हंसतात, आणि खरें सांगावयाचें तर मीही मनांतून त्यांच्याच बाजूचा असतों. परंतु आईच्या असत्याची किंमत आईच भरते. माझ्या असत्याची किंमत दुसऱ्यांनीं भरली. जेथें वाट नाहीं तेथें सोबत्यांच्या शक्तीचें ज्ञान हाच नकाशा. तो मीं खोटा काढून दिला होता.

तरीही दुसरी बाजू मनांतून जात नाहीं. तिघांच्या सोबतींत एकानें "मी थकलों" म्हणणें ही नुसती माहिती नसते. ती जवळजवळ आज्ञा असते. त्यांनीं तत्काळ माघार घेतली असती, हंसत घेतली असती, आणि इतक्या तासांची चढण फुकट गेली असती. दुर्बळाची ही सत्ता वापरण्याचा मला संकोच होता. सगळा अहंकारच होता असें म्हणणें सोपें आहे. पण तेंही पुरतें खरें नव्हे. मात्र खिंडींत मीं बोललों असतों, तर शिखर त्यांनीं मला दिलें असतें. न बोलल्यामुळें तें मीं त्यांच्यापासून घेतलें. माझ्या मतें हा भेद फार मोठा आहे. डॉक्टरला तो मुळींच पटत नाहीं. शिखर तसेंही गेलें, असें तो म्हणतो.

उतरतांना इंजिनियर आपल्या हातानें रचलेल्या उतरंडी एकेक करून मोडीत आला. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, "उद्यां कोणी येईल आणि ह्यांवर विसंबेल. वाट बरोबर होती हें मला तरी कोठें ठाऊक आहे?" शेवटच्या दोन उतरंडींपाशीं अंधार पडला होता. त्यानें दिवा धरला, आणि मीं खालीं बसून दगड जेथून उचलले होते तेथें परत ठेविले.